एकटं जायचं, पण कुणाच्या भरवशावर?

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राच्या अगदी शेवटी एक लहानशी गोष्ट आहे. ब्रह्मदत्त नावाचा तरुण कामासाठी परगावी निघतो. आई म्हणते, एकटा जाऊ नकोस, कुणीतरी सोबतीला घे. मुलगा म्हणतो, रस्ता निर्धोक आहे, कशाला कुणी हवं? आईचं समाधान होत नाही. ती जवळच्या पाण्यातला एक खेकडा आणून त्याला देते. तिच्या शब्दाखातर तो खेकडा कापराबरोबर ठेवून चालू लागतो. वाटेत झाडाखाली त्याचा डोळा लागतो, कापराच्या वासानं साप येतो आणि खेकडा त्याचा निकाल लावतो. मुलाला जाग येते तेव्हा सगळं उरकलेलं असतं.

आईनं मुलाला अडवलं नाही आणि स्वतःही त्याच्या मागे गेली नाही. खेकडा बोट धरत नाही, उपदेश करत नाही, वाट दाखवत नाही. प्रवास मुलाचाच राहतो. तीन ते सात वर्षांच्या वाचकांसाठी (खरं तर ऐकणाऱ्यांसाठी) गोष्टी लिहिणाऱ्यांनाही हाच पेच सोडवावा लागतो. नायकानं आपलं आपण काहीतरी केलं पाहिजे, पण ऐकणाऱ्या पोराला टाकून दिल्यासारखं वाटता कामा नये. पालकांची मागणीही दुहेरीच असते. पोर धीट व्हावं, स्वतःच्या हातानं जेवावं, शाळेत रडू नये. आणि त्याच पोरानं मिळून-मिसळून राहावं, वाटून खावं, मोठ्यांचं ऐकावं. एकाच पुस्तकाकडून या दोन्ही गोष्टी मागितल्या की बहुतेक वेळा मधल्यामध्ये गोष्टच मरते.

एकटं राहता येणं ही शिकण्याची बाब आहे, हे डोनल्ड विनिकॉट या इंग्लिश बालरोगतज्ज्ञानं आणि मनोविश्लेषकानं १९५८ साली एका निबंधात मांडलं. त्याचं म्हणणं वरवर उलटं वाटतं. मूल एकटं राहायला शिकतं ते दुसरं कुणीतरी जवळ असताना. आई खोलीत आपलं काम करते आहे, मूल जमिनीवर आपल्या खेळात आहे, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत; या अवस्थेतून पुढे खरोखरीचं एकटेपण पेलण्याची ताकद येते. मेरी एन्सवर्थनं आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मायलेकरांचं निरीक्षण करून याच्या जवळ जाणारी गोष्ट दाखवली: ज्याला परत यायची जागा पक्की ठाऊक आहे, ते मूल जास्त लांब रांगत जातं.

यावर एक रास्त आक्षेप असा, की हे सगळं पश्चिमेतल्या घरांवरून रचलेलं आहे आणि तिथे स्वावलंबन म्हणजे माणसांपासून सुटं होणं असंच धरलं जातं. तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काआत्चीबाशी यांनी आयुष्यभर या गृहीतकाशी झुंज घेतली. स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आणि माणसांशी घट्ट बांधलेलं असणं हे एकाच दोरीची दोन टोकं नाहीत, एका माणसात दोन्ही भरपूर असू शकतं, असं त्यांनी मांडलं. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे पटायला फार प्रमाणं लागणार नाहीत.

या चर्चेची एक शाखा आपल्याकडेही आली होती. मारिया माँटेसरींच्या शिक्षणपद्धतीत मुलाचं स्वावलंबन केंद्रस्थानी होतं, पण लहान वयात अद्भुत गोष्टी सांगण्याला त्यांचा विरोध होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी माँटेसरींची साधनं घेतली आणि हा विरोध मात्र बाजूला ठेवला. लोककथा जमवल्या, त्या कशा सांगाव्यात याचं शास्त्र लिहिलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हे वारं महाराष्ट्रात आणलं. बटण स्वतः लावायचं आणि गोष्ट मात्र घोळक्यात बसून ऐकायची, अशी ही बालवाडी होती.

आता पुस्तकांकडे. एकट्यानं घराबाहेर पडणाऱ्या मुलांचं पूर्वी काय व्हायचं, हे लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीवरून कळतं. फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं १६९७ साली ती छापली तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. १८१२मध्ये ग्रिम बंधूंच्या संग्रहात शिकारी येऊन पोट फाडून तिला बाहेर काढतो. म्हणजे शंभरेक वर्षांत शिक्षेची धार थोडी कमी झाली, पण धडा तोच राहिला: वाट सोडलीस तर मरशील, आणि वाचवायचं झालं तर मोठा माणूसच वाचवेल.

बिअट्रिक्स पॉटरचा पीटर ससा १९०२ साली पुस्तकरूपात आला आणि इथे हिशेब बदलला. आई सांगून बाजारात जाते. पीटर नेमका नको त्या बागेत शिरतो, कोट आणि बूट गमावतो, भेदरतो, रडतो, आणि वाट मात्र स्वतःच शोधून घरी पोचतो. आई वाचवायला येत नाही. घरी आल्यावर त्याला अंथरुणात घालून काढा पाजते, शहाण्या बहिणींना दूध-पाव आणि बोरांसारखी रानफळं मिळतात. शिक्षा म्हणाल तर आहे, पण तिला घरच्या मायेचा वास आहे. मॉरिस सेंडाकच्या १९६३च्या राक्षसांच्या बेटावरच्या गोष्टीत हेच आणखी आटोपशीर केलेलं आहे. मॅक्स दंगा करतो, उपाशी झोपायची शिक्षा होते, तो होडीतून राक्षसांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो, मग त्याला घरची आठवण येते. परत येतो तर जेवण वाट पाहतंय आणि ते अजून गरम आहे. सेंडाकनं आईचं एकही चित्र काढलेलं नाही. संपूर्ण पुस्तकात ती फक्त तेवढ्या गरम जेवणातून दिसते.

पण या प्रकारातलं सर्वांत बारीक विणीचं पुस्तक जपानी आहे. योरिको त्सुत्सुई यांनी लिहिलेलं आणि अकिको हायाशी यांनी चितारलेलं ‘हाजिमेते नो ओत्सुकाई’, म्हणजे पहिल्यांदाच एकटीनं आणलेलं सामान, १९७०च्या दशकातलं. पाच वर्षांच्या मुलीला आई विचारते, तान्ह्यासाठी दूध आणशील का? मुलगी मुठीत नाणी घेऊन निघते. सायकल अंगावरून गेल्यासारखी जाते, चढावर ती पडते, नाणी घरंगळतात. दुकानात पोचते तर तिचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. मोठी माणसं पुढे येऊन आपापलं सामान घेऊन जातात. शेवटी दुकानदारीणबाईंचं लक्ष जातं, त्या माफी मागतात, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तेव्हा येतं. दूध घेऊन ती धावत सुटते, उरलेले पैसे विसरते, बाईंना मागून पळावं लागतं. उताराच्या तळाशी आई बाळाला घेऊन उभी आहे.

हे पुस्तक इतकं खरं का वाटतं? यात संकट म्हणून लांडगा नाही. आपला आवाज मोठ्यांपर्यंत पोचत नाही हे संकट आहे, आणि पाच वर्षांच्या पोराला ते रोज भेटतं. आई घरी थांबून राहिली नाही आणि दुकानापर्यंतही आली नाही, ती अर्ध्या वाटेवर येऊन थांबली. हे अंतर कुणीतरी फार विचार करून ठरवलं आहे. याच नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम जपानमध्ये १९९१पासून चालू आहे आणि २०२२मध्ये नेटफ्लिक्समुळे जगभर पोचला. त्यात खरीखुरी बालकं खरंखुरं सामान आणायला जातात. मात्र रस्ता आधी तपासलेला असतो, शेजारीपाजारी सामील असतात आणि कॅमेरावाले वेष पालटून मागे असतात. पुस्तकातली मुलगी या पोरांपेक्षा जास्त एकटी होती, असंच म्हणावं लागेल.

या कार्यक्रमाकडे जग डोळे विस्फारून पाहतं याचं कारण रस्त्यांवर आहे. मेयर हिलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेली पाहणी प्रसिद्ध आहे: सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं १९७१ साली मोठ्यांशिवाय शाळेत जायची, १९९०मध्ये हे प्रमाण ९ टक्के झालं. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकापाशी सकाळी उभं राहिलं तर वेगळं चित्र दिसणार नाही. ज्या पिढीला कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटं धाडलं जात नाही, तिच्यासाठी गोष्टीतला एकटा प्रवास हाच काय तो एकटा प्रवास उरतो. त्यामुळे बालपुस्तकांतून धोका काढून टाकण्याची सध्याची हौस थोडी तपासून पाहायला हवी.

उलट बाजूचा घोळ सोबतीचा आहे. मार्गारेट वाइज ब्राउनच्या १९४२च्या पळून जाणाऱ्या सशाच्या पुस्तकात पिल्लू म्हणतं, मी मासा होईन. आई म्हणते, मी कोळीण होऊन तुला पकडेन. पिल्लू डोंगरावरचा खडक होतं, आई गिर्यारोहक होते. काही वाचकांना यात निरपवाद माया दिसते, तर काहींचा जीव गुदमरतो. दोघंही बरोबर आहेत. तीन वर्षांच्या मुलाला हे पुस्तक खेळ वाटतं, कारण त्याला पकडलं जायचंच असतं. सहा वर्षांच्याला ते तसं वाटेल याची खात्री नाही.

मार्कुस फिस्टरच्या १९९२च्या इंद्रधनुषी माशाबद्दल मात्र मत ठाम द्यायला हरकत नाही. चकचकीत खवल्यांचा मासा गर्विष्ठ असतो, मित्र नसतात. मग तो आपले खवले एकेक करून वाटून टाकतो आणि सगळे त्याला आपला म्हणतात. चित्रं देखणी, खप प्रचंड, शाळांचं आवडतं पुस्तक. पण अंगावरचं सोलून दिल्याशिवाय कुणी जवळ घेणार नाही, हा सौदा आहे. त्याला मैत्री म्हणणं कठीण. याच्या शेजारी लिओ लिओनीचा स्विमी ठेवून पाहावा. तो १९६३चा, सेंडाकच्या मॅक्सच्याच वर्षीचा, आणि तोही मासाच. लाल भावंडांत हा एकटा काळा. मोठा मासा सगळ्यांना गिळतो, हा वाचतो, समुद्रात भटकतो, घाबरतो, मग एकेक नवल पाहत सावरतो. पुढे त्याला दुसरा लाल माशांचा थवा भेटतो, भीतीनं दडून बसलेला. सगळ्यांनी मिळून एका मोठ्या माशाच्या आकारात पोहायचं ही युक्ती त्याची, आणि त्या आकारात तो होतो डोळा. काळा रंग लपवावा लागत नाही, उलट त्याचाच उपयोग होतो. आणि ही युक्ती सुचण्याआधी त्यानं एकट्यानं समुद्र पाहिलेला आहे, हेही विसरून चालणार नाही.

सर्वांत दुर्मीळ जात तिसरी: एकटं असणं सुखाचं दाखवणारी. मन्रो लीफचा फर्डिनंड (१९३६) हा बैल इतर खोंडांसारखा ढुश्या देत नाही, झाडाखाली फुलांचा वास घेत बसतो. त्याला एकटं वाटत असेल या काळजीनं आई विचारून पाहते. तो मजेत आहे हे कळल्यावर त्याला बसू देते. बालसाहित्यातल्या समंजस आयांत या गाईचा नंबर वर लागावा. एझ्रा जॅक कीट्सच्या १९६२च्या पुस्तकात छोटा पीटर बर्फ पडलेला पूर्ण दिवस एकटा खेळतो. पावलांचे ठसे उमटवतो, काठीनं झाडावरचं बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळल्यावर खट्टू होतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातल्या मित्राला हाक मारून दोघं बाहेर पडतात. एवढंच. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं २०२०मध्ये सव्वाशे वर्षांतल्या सर्वाधिक वाचकांनी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तेव्हा पहिलं नाव याच पुस्तकाचं होतं.

आर्नल्ड लोबेलनं बेडूक आणि भेक या जोडगोळीची चार पुस्तकं १९७० ते १९७९ या काळात केली. चौथ्यातली शेवटची गोष्ट अशी: भेक मित्राकडे जातो तर दारावर चिठ्ठी, मला आज एकटं राहायचंय. त्याला लगेच वाटतं, माझं काहीतरी चुकलं. लांबवर नदीतल्या बेटावर बेडूक एकटाच बसलेला दिसतो. भेक घाईघाईनं सँडविच आणि थंड चहा घेऊन कासवाच्या पाठीवरून निघतो. कासव विचारतं, त्याला एकटं राहायचंय तर राहू का देत नाहीस? पुढे भेक पाण्यात पडतो, चहा सांडतो, सँडविच भिजतात. बेडूक सांगतो की तो तर खुशीत होता. ऊन पडलंय, आपण बेडूक आहोत, आपल्याला असा मित्र आहे, हे सगळं किती छान याचा विचार करायला त्याला जरा एकटं बसायचं होतं. मग दोघं ओली सँडविच खात तिथेच बसतात. मित्रानं दार लावलं म्हणजे मैत्री तुटली, हे भय शिशुवर्गातल्या प्रत्येक पोरानं अनुभवलेलं असतं. लोबेल त्याला समजावत बसत नाही, भेकाची फजिती करून हसवतो. विनिकॉटचा निबंध या गोष्टीच्या वीसेक वर्षं आधीचा आहे. दोन्ही वाचणाऱ्याला गोष्ट जास्त काळ लक्षात राहील.

परदेशी पुस्तकं जशीच्या तशी आणली की कुठे अडतं, तर झोपेपाशी. इंग्रजी चित्रपुस्तकांत आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर, दिवा मालवून एकट्यानं झोपणं हा धीटपणाचा पहिला धडा असतो. ऑस्ट्रेलियाच्या ‘ब्लुई’ मालिकेतला २०२०चा ‘स्लीपीटाइम’ हा भाग याच विषयावर आहे आणि सुंदर आहे: धाकटी बिंगो स्वप्नात ग्रहांमधून तरंगत जाते आणि आईची ऊब सूर्यासारखी दुरून पोचत राहते. पण ज्या घरात रात्री ओळीनं गाद्या पडतात, तिथलं पोर विचारणार, ती एकटी का झोपलीये? रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली भुवनेश्वरमधल्या घरांतल्या झोपण्याच्या व्यवस्थेवर लिहिलं, तेव्हा दिसलं की लहानग्याला एकटं झोपवणं तिथल्या लोकांना चक्क चुकीचं वाटतं. दुबळ्याला रात्री एकटं सोडू नये ही त्यांची नीती. तिथल्या मुलाला धीटपणा शिकवायचा तर गोष्ट दुसऱ्या जागेवरून सुरू करायला हवी.

त्या जागा मराठीत जुन्याच आहेत. उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. चिंधी सापडलेला उंदीर एकटाच धोब्याकडे, रंगाऱ्याकडे, शिंप्याकडे, मग गोंडे लावणाऱ्याकडे जातो. टोपी घालून राजालाही जुमानत नाही. हा पक्का स्वतंत्र गडी, पण टोपीचा एकही टाका त्यानं स्वतः घातलेला नाही. लोकांकडे जाऊन काम करून घेता येणं हे इथलं स्वावलंबन आहे. भोपळ्यातल्या म्हातारीचंही तसंच. रानातून ती एकटी लेकीकडे जाते, वाघ-कोल्ह्यांना बोलण्यात गुंडाळते. परतताना लेक तिच्याबरोबर येत नाही, भोपळा देते. चेन्नईच्या ‘तूलिका’नं ‘एक्की दोक्की’ म्हणून छापलेली एककेशी-दोनकेशीची लोककथाही रानात एकटीनं जाणाऱ्या पोरीची आहे, जिला वाटेतलं झाड आणि गाय यांची विचारपूस करावीशी वाटते.

मग मधल्या काळात मराठी गोष्टीनं मुलाला घरात घेतलं. ‘श्यामची आई’त (१९३५) पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते आणि मग स्वतः हळवी होते. हा आपल्याकडचा स्वावलंबनाचा धडा, आणि तो मुलानं घेतलेला नाही, आईनं दिलेला आहे. सानेगुरुजींनी ती तगमग लपवली नाही ही त्यांची थोरवी. त्यांच्या अनुकरणात मात्र तगमग गेली आणि उपदेश उरला.

ही कोंडी फोडण्यात माधुरी पुरंदरे यांचा वाटा मोठा. ‘राधाचं घर’ या संचात एकेक माणूस राधाच्या नजरेतून दिसतो. घर भरलेलं आहे, पण पाहणारी ती आहे, मत तिचं आहे. मुलाला सोबत तर हवीच, पण सोबतीच्या माणसांना निरखण्याचं स्वातंत्र्यही हवं, हे त्यांच्या चित्रांत सहज येऊन जातं. ‘प्रथम बुक्स’च्या ‘चुस्कित शाळेत जाते’ या आशयाच्या पुस्तकात लडाखची चुस्कित चाकाच्या खुर्चीमुळे ओढा आणि खडबडीत वाट ओलांडू शकत नाही. अब्दुल नावाचा मुलगा शाळेत विषय काढतो, पोरं मिळून वाट सपाट करतात. कुणी तिला उचलून नेलं असतं तर ती दयेची गोष्ट झाली असती. वाट केली, म्हणून पुढे खुर्ची तिची तिला नेता येते.

तरी मराठीत एक रकाना बराचसा रिकामा आहे. एकटं आणि मजेत असलेलं मूल आपल्या चित्रपुस्तकांत फारसं भेटत नाही. एकटं दिसलं की लेखक दोन पानांत त्याला मित्र मिळवून देतो, निदान एखादं कुत्र्याचं पिल्लू तरी. दुपारी आजी झोपलेली असताना गॅलरीत बसून मुंग्यांची रांग पाहणारं पोर प्रत्येक इमारतीत आहे. त्याची गोष्ट लिहायला फर्डिनंडच्या आईसारखा संपादक लागेल.

आणि जुन्या गोष्टींना हात लावताना थोडा धीर धरायला हवा. चिऊ-काऊच्या गोष्टीत पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावत राहतो आणि चिमणी आतून सांगत राहते की आत्ता नाही, बाळाचं अमुक व्हायचंय, तमुक व्हायचंय. अनेक पालकांना ही चिमणी आता दुष्ट वाटते, म्हणून अलीकडे काही ठिकाणी ती लगेच दार उघडते, कावळ्याला पुसायला पंचा देते, दोघं गरम खिचडी खातात. सोबतीचा धडा पुरा होतो. पण बाळाची अंघोळ, पावडर, काजळ, झबलं ही लांबत जाणारी यादी त्यात उरत नाही, आणि पोरं ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात ती त्या यादीसाठी. दाराबाहेर कुणी भिजतंय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आत कुणाचं तरी निवांत न्हाणंमाखणं चाललंय हेही ठाऊक असतं, आणि आपण त्यातले नक्की कोण, हे प्रत्येक पोर दर वेळी वेगळं ठरवतं.